घळीवरची चीड

सावदा,
१० नोव्हेंबर २०२४

ज्योत्स्ना,

आशीर्वाद. मागितला नसलास तरी घे, इकडं घ्यायला दुसरं कोणी नाही.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं 'हो हो' करत होतो. त्यातलं मला काहीएक ऐकू आलं नाही, हे आधी कबूल करतो. फोन कानाजवळ नेला की कानातलं मशीन शिट्टी मारतं. तुझ्या उत्तराखंडच्या डोंगरातली रेंज तर घाईच्या पाहुण्यासारखी, बसली न बसली तोच निघाली. एकदा 'थंडी' ऐकू आलं, एकदा 'आबा' ऐकू आलं. म्हणून म्हटलं, आपण आपले कागदावर बोलू. पोस्टमन तोताराम म्हणतो, "आबा, गावात कागद लिहिनारे तुम्ही एकलेच उरले." मी म्हटलं, मग माझ्यामुळंच तुझी नोकरी टिकली आहे, बस, चहा पी.

तुझी सासू गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. शेजारच्या कमलबाईनं फराळाचं ताट दिलं. एकट्यानं चकली खाताना फार आवाज होतो गं. बहिऱ्यालासुद्धा ऐकू येतो.

केळी बरी आहे. थंडी वाढली की पानांना चरका बसेल, पण ते दरवर्षीचंच. चिंधा रोज येऊन बाग बघतो आणि 'बठ्ठं बरं शे', सगळं बरं आहे, म्हणून जातो. तो तुझ्याच धुळ्याकडचा. त्याचं 'शे' ऐकलं की मला सोनगीरहून नवी आलेली तू आठवतेस. "भात नासेल शे" म्हणालीस आणि तुझी सासू म्हणाली, "नासेल तव्हा नासेल, आता तं वाढ!" तुझ्या भाषेत भात नासलेला होता आणि आम्ही तो खाऊन बसलो.

कमलबाई म्हणते, सुनेला घरी आणा आता. मी तिला म्हटलं, सून म्हणजे गाय आहे का, दावं धरून आणायला? तिला वाटेल तेव्हा ती येईल. तुझी खोली झाडून ठेवतो. हे आपलं सांगितलं.

पण एक विचारतो. माझा हितेंद्र ज्या वाटेवरून पडून गेला त्याच वाटेजवळ तू राहतेस. का राहतेस? काय आहे तिथं? तीन वर्षं झाली, मी ती जागा पाहिली नाही. तेव्हा तुझ्या सासूला दवाखान्यात ठेवलेलं, आणि नदीकाठी सगळं तुला एकटीला करावं लागलं. एकदा डोळ्यांनी पाहीन म्हणतो. पायांत अजून जोर आहे. थंडी ओसरली की येऊ का?

आबा


कोटधार,
२८ नोव्हेंबर २०२४

आबा,

पाया पडते. इतक्या लांबून पडलेलं चालत असेल तर.

तुमचं पत्र खालच्या दुकानात आलं, तिथून खेचरवाल्यानं वर आणलं. मी ते उभ्यानंच वाचलं. चकलीचं वाचलं आणि मग खाली बसले.

तिथं काय आहे, विचारता. ऐका. गाव म्हणजे उतारावर कशीबशी टेकून राहिलेली घरं. बिमलादीदीच्या घरात वरची खोली माझी. तिच्याकडं शहरातली माणसं उतरतात, पाठीवर ओझी घेऊन डोंगर चालायला आलेली. त्यांना वाट दाखवायची हे माझं काम. वाट आधी टोन्स नदीच्या काठाकाठानं जाते. मग नदी घळीत शिरते आणि वाट तिला सोडून कड्याला लागते. दोन्ही बाजूंनी उभे खडक आणि मधे खाली हिरवं पाणी. सातपुड्यात सुकी नदीवर आपण गेलो होतो ना, तसल्या दहा नद्या एकावर एक ठेवा. पावसात वाट खचते, मग गावातली माणसं आणि मी दगड रचून ती पुन्हा बांधतो. हितेंद्र गेला तिथली वाटही आम्हीच बांधली. आता तिथं कठडा आहे.

आणि का राहते? खरं सांगू? इथं चीड आहे म्हणून राहते. सगळीकडे चीडच चीड. पहिल्यांदा मला फार त्रास झाला. डोकं धरायचं, झोप लागायची नाही. आता चीड नसेल तर मला करमणारच नाही. वारा सुटला की रात्रभर ऐकू येते, नदीपेक्षा मोठ्यानं. हितेंद्र गेला त्या जागी तर सगळ्यांत दाट. मी तिथं जाऊन बसते. कोणाशी बोलावंसं वाटत नाही तेव्हा चीड पुरते.

या आबा, मार्चमध्ये या. पुढं उन्हाळ्यात चीड पेटते, मग कोणाचं काही चालत नाही. त्याआधी या. मी वाट बघते.

खोलीच्या खिडक्या उघडत जा, नुसती झाडून काय होतं?

ज्योत्स्ना


सावदा,
१६ डिसेंबर २०२४

ज्योत्स्ना,

पत्र पावलं. मनातलं मोकळेपणानं लिहिलंस, बरं केलंस. लपवण्यापेक्षा हे बरं.

चीड असताना तिथं माझं काय काम? तुझी चीड तुझ्यापाशीच राहू दे. मला ती बघवणार नाही. माझं तोंड हितेंद्रच्या तोंडासारखं आहे, सगळे म्हणतात. ते तुझ्यापुढं आणून उभं करण्यात काय शहाणपण? येण्याचं रद्द केलं आहे.

तू जप. खाण्यापिण्याची हयगय करू नकोस.

आबा


कोटधार,
६ जानेवारी २०२५

आबा,

पत्र मिळालं. 'तुझी चीड तुझ्यापाशीच राहू दे.' ठीक आहे. राहू देते.

तुम्हाला दाखवण्यासारखं माझ्याकडं तेवढं एकच होतं. हितेंद्रला चीड किती आवडायची, तुम्हाला माहीत नाही. पहिल्यांदा इथून गेला तेव्हा घरी येऊन महिनाभर तेच बोलत होता. म्हणायचा, आबांना एकदा तिथं नेऊन बसवायचं. मला वाटलं, त्याचं राहिलेलं आपण करावं. तुम्हाला ते नको असेल तर माझी जबरदस्ती नाही.

तोंडाचं म्हणाल, तर तुमचं तोंड त्याच्यासारखं आहे म्हणूनच मला बघायचं होतं. पुन्हा आग्रह करणार नाही.

बर्फ पडलं. सध्या कोणी पाहुणे नाहीत. बिमलादीदीही लेकीकडं गेली आहे. घरात मी एकटीच आहे.

ज्योत्स्ना


सावदा,
१८ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ना,

आधी पोटभर हस. मग पुढं वाच. आणि हसून झालं की या म्हाताऱ्याला माफ कर.

तुझं जानेवारीचं पत्र आलं आणि मी दिवसचे दिवस ते उशाशी घेऊन झोपत होतो. एक गोष्ट काही केल्या बसेना. 'हितेंद्रला चीड आवडायची.' आता बघ, माझा पोरगा लहानपणापासून मुंगीवर चिडला नाही. त्याच्या ताटातली भाकर कुत्र्यानं नेली तर म्हणायचा, त्याले भूक लागली असंन. त्याला चीड आवडायची? चिंधाला विचारलं. चिंधाला मी तुझं आधीचं पत्रही वाचून दाखवलं होतं आणि तेव्हा तो म्हणाला होता, "आबा, सून रागे भरेल शे. जाऊ नका." आता तोही डोकं खाजवायला लागला.

परवा बागेत गाडी भरत होती. आपला सुपडू ड्रायव्हर, तो केळी घेऊन थेट देहरादूनला जातो. त्याला सहज म्हटलं, सुपडू, तू तिकडं जातोस, तिकडची माणसं फार रागीट असतात का रे?

"काहून आबा?"

"माझी सून लिहिते, तिकडं सगळीकडे चीडच चीड आहे."

सुपडू म्हणाला, "हायेच नं! दून सोडून वर गेलं का चीडच चीड. इतकी की ऊन दिसत नाही."

मी म्हटलं, अरे पण कोणाची चीड? कशाची?

आणि तो मेला गाडीच्या चाकाला टेकून हसायलाच लागला. "कोनाची चीड अन् कोनाचा राग! झाड हाये ते आबा, झाड! सुईसारखे पानं असतात त्याले. तुमची सून झाडाबद्दल लिवते अन् तुम्ही रुसून बसले!"

केळीचे घड भरणारी माणसं हसली. चिंधा हसला. मग मीही हसलो. आणि हसता हसता माझे डोळे असे वाहायला लागले की सुपडूनं पाण्याची बाटली पुढं केली. एका शब्दानं असा ध चा मा केला की दोन-अडीच महिने मी तुला चिडलेली समजत होतो. वाटत होतं, माझ्या पोरावर चिडली आहे, देवावर चिडली आहे, आमच्या घरावर चिडली आहे. मला पाहिलं की आणखी पेटेल. 'उन्हाळ्यात चीड पेटते' हे तूच लिहिलं होतंस! आणि मी काय उत्तर दिलं? तुझी चीड तुझ्यापाशीच राहू दे! झाडाबद्दल असं कोणी लिहितं का? तू काय समजली असशील ते आठवलं की स्वतःचाच कान धरतो.

मी येतो आहे. सुपडूच्या गाडीत बसून येतो. रेल्वे नको, बस नको. माझीच केळी घेऊन माझाच ड्रायव्हर जातो, तर मी घडाबरोबर का जाऊ नये? मार्चच्या मधे देहरादूनला पोचू. तो मला वर येणाऱ्या जीपमध्ये बसवेल. तू जीपच्या थांब्यावर ये. तोंड ओळखशीलच.

आबा


कोटधार,
३ मार्च २०२५

आबा,

बिमलादीदी परत आली आहे. तिला हे सगळं हिंदीत समजावताना माझी पुरेवाट झाली. तिला चीड म्हणजे झाड एवढंच माहीत. 'मराठीत गुस्सा म्हणजे चीड' हे सांगितल्यावर ती अंगणात जाऊन झाडाकडं बघून आली आणि म्हणाली, ये बेचारा तो किसी पे गुस्सा नहीं करता.

मी रात्री पांघरुणात हसले. मग रडले. किती दिवसांनी कोणाशी तरी हसले म्हणून रडले असेन. तुम्हाला वाटलं मी चिडले आहे, मला वाटलं तुम्हाला माझी तोंडओळखही नको आहे. आणि दोघंही सभ्यपणानं गप्प बसलो. आपल्या घराण्याची ही खोडच दिसते.

या. स्वेटर, कानटोपी आणि चपलांऐवजी बूट. बूट नसतील तर घ्या. चपलांवर मी तुम्हाला घळीत नेणार नाही, आधीच सांगते.

ज्योत्स्ना


कोटधार,
३० मार्च २०२५

आबा,

सुखरूप पोचलात, असं सुपडूनं बिमलादीदीच्या फोनवर कळवलं. त्याचाच आवाज ऐकला, तुमचा नाही.

तुम्ही गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. वरच्या खोलीत दोन पेले अजून तसेच आहेत, मी एकच धुते. पाहुणे आले होते, पुण्याचे. त्यांना वाट दाखवली. पण पूर्वी मी पुढं बघून चालायचे, आता सारखी मागं वळून बघते, तुम्ही येताय की नाही ते. तुमची चालायची तऱ्हाच तशी होती. झुलत्या पुलावर मधोमध थांबून म्हणालात, "पाटाचं पानी पाह्यलं, विहिरीचं पाह्यलं, असं पानी नाही पाह्यलं." आणि मग मला दम दिलात की पूल हलवू नकोस. मी हलवत नव्हते आबा, तो हलतोच.

चीडच्या रानात शिरलो तेव्हा वाळक्या सुयांवरून तुमचा पाय सरकला आणि तुम्ही माझा हात धरलात. पुढं सोडला नाहीत. कठड्यापाशी पोचलो. मला वाटलं होतं तुम्ही रडाल. तुम्ही कठड्यावरून हात फिरवलात, एक दगड हलवून पाहिलात, पक्का आहे का ते. मग खाली घळीत बघत राहिलात. इतका वेळ, की मला भीती वाटायला लागली. आणि म्हणालात, "जागा चांगली आहे." एवढंच. वर वारा आला, झाडं वाजायला लागली. तुम्ही कानातलं मशीन नीट बसवलंत आणि ऐकत राहिलात.

मी तुम्हाला तेव्हाच विचारणार होते. विचारलं नाही. आता लिहिते, कारण लिहिलं नाही तर पुन्हा आपलं तेच होईल.

आबा, तुम्ही आठ दिवस इथं होतात. त्या आठही दिवसांत मी वाट बघत होते, तुम्ही 'चल' म्हणाल याची. माझी पिशवी भरलेली होती. खाटेखाली होती. तुम्ही जीपमध्ये बसलात, पाय वर घेतलेत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "जप." जीप वळणाआड गेली. मी थांब्यावरच उभी राहिले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी सावद्याला आले होते. तेराव्यानंतर तुम्ही 'राहा' म्हणाल, असं मला वाटलं होतं. तेव्हाही तुम्ही मला स्टेशनवर सोडलंत आणि 'जप' म्हणालात.

तुम्ही म्हणाल, घर तुझंच आहे, केव्हाही ये. तुमच्या बाजूनं ते खरं आहे. पण सोनगीरला अक्षय्यतृतीयेची आखाजी आली की लेक आपण होऊन माहेरी येत नाही. माहेरचा माणूस मुऱ्हाळी होऊन जातो, दारात उभा राहतो, 'चल' म्हणतो. मग ती निघते. न बोलावता आली तर शेजारच्या बायकासुद्धा विचारतात, काय झालं गं? माझं माहेर आता राहिलं नाही, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मी कुठल्या तोंडानं आणि कुणाच्या दारात आपली आपण येऊन उभी राहू?

इथं चीड आहे म्हणून राहते, असं मी लिहिलं होतं. ते खोटं नाही. पण कोणी बोलावलं नाही म्हणूनही राहते. हे जास्त खरं आहे.

राग नाही. ही दुसरी चीड नाही. नुसतं सांगितलं.

ज्योत्स्ना


सावदा,
९ एप्रिल २०२५

ज्योत्स्ना,

तुझं पत्र आलं आणि मी ओट्यावर बसलो तो उठलोच नाही. तोताराम पाणी आणायला आत गेला, पेला घेऊन आला, परत घेऊन गेला.

आता माझं ऐक. सुपडूला विचार, मी खोटं सांगत असेन तर. जाताना मी त्याला म्हटलं होतं, येताना गाडीत तिघं असू. त्यानं केबिनमधली मागची फळी धुऊन काढली, वर नवी गोधडी टाकली. देहरादूनला मी एकटा जीपमधून उतरलो तेव्हा तो माझ्या मागं बघत होता. मग मला म्हणाला, "आबा, ताई?" मी म्हटलं, तिचं तिथं बरं चाललं आहे. आणि आख्खा रस्ता, पार मध्य प्रदेश ओलांडेपर्यंत, आम्ही दोघं त्या गोधडीकडं पाठ करून बसलो.

का नाही म्हटलं? तुला सांगतो. तुझी पिशवी मी पाहिली होती. खाटेखाली होती, तोंड बांधलेली. मला वाटलं, माझ्या आधी ही कुठं दुसरीकडं निघाली असेल, मी आलो म्हणून बिचारी थांबली. पुन्हा कठड्यापाशी तुला पाहिलं. त्या रानात तू अशी चालत होतीस की तुला तिथून उचलून आणणं म्हणजे रोप उपटल्यासारखं होईल, असं वाटलं. आणि मनात हेही होतं की मुलगा गेल्यावर सुनेला 'चल' म्हणायचा सासऱ्याला काय हक्क? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला भाकरी करायला माणूस हवं आहे. तूही तसंच म्हणशील, याची मला जास्त भीती होती.

भाकरी मला येते. जाड होते, पण येते. मला भाकरीसाठी माणूस नको. संध्याकाळी दिवा लागल्यावर ज्याच्यावर खेकसावं असं माणूस हवं आहे. बोलायला हवं आहे. हे मी तुझ्या सासूलासुद्धा कधी बोललो नाही, तुला लिहितो.

सुनेला आणायला सासऱ्यानं जावं की नाही, ते मला कळत नाही. कमलबाईला विचारलं, तिला कळत नाही. पण लेकीला आणायला बापानं जावं, हे सगळ्या खानदेशाला कळतं. आखाजी महिनाअखेरीला आहे. त्याआधी सुपडूची एक फेरी आहे. मी येतो. राहायचं किती ते तू ठरव. आखाजी करून परत जायचं म्हणालीस तर मीच वर आणून सोडीन. पावसाळा काढून जायचं म्हणालीस तर तसं. तुझी चीड कोणी नेत नाही.

तुझ्या दारात येऊन उभा राहीन खरा. पण ऐनवेळी माझ्या तोंडून पुन्हा 'जप' निघेल, मी स्वतःला ओळखतो. म्हणून आधीच लिहून देतो. मी नुसता उभा राहिलो तर हा कागद काढ आणि वाच.

चल.

आबा